बनियन पांढरं होईपर्यंत

आमच्या घरात प्रत्येकाकडे एकेक काम होतं. आई स्वयंपाक करायची, ताई पाणी भरायची, बाबा कंपनीत जायचे आणि मी नाक मुरडायचे. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नव्हतं, पण मी ते इतक्या निष्ठेनं करत असे की घरच्यांनी शेवटी ते माझ्याच नावावर करून टाकलं. चहावरची साय, मोरीच्या जाळीत अडकलेली शितं, साबणाला चिकटलेला केस, शेजारणीनं कौतुकानं दिलेल्या लाडवावर उमटलेला तिच्या बोटाचा ठसा, या सगळ्यांची मला सारखीच किळस यायची. दूध नासलंय की नाही हे आई तापवून बघत नसे, भांडं थेट माझ्या नाकाखाली धरत असे. असलं नाक घेऊन मी डोंबिवलीत, आणि डोंबिवलीतही कारखान्यांच्या अंगाला वाढले. आमच्या चाळीमागून जो नाला वाहायचा त्याला रोज वेगळा वास. कधी कुजक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा, कधी नुसताच घशात जाऊन बसणारा, ज्याला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही. लोक म्हणायचे, होते सवय. मला झाली नाही. आता पन्नाशी उलटली, ठाण्यात कोलशेतला टोलेजंग इमारतीत राहते, तरी लिफ्टमध्ये शिरलं की आधीचा माणूस काय जेवून गेलाय ते मला कळतं, आणि कळलं की मी मधल्याच मजल्यावर उतरून जिना धरते. घरचे म्हणतात, व्यायाम होतो.

पण नाला, साय, केस हे सगळं किरकोळ. मला सगळ्यांत जास्त किळस यायची ती बाबांची.

बाबा रंगाच्या कंपनीत होते. भिंतीच्या नव्हे, कापडाच्या रंगाच्या. त्यांचं खातं पावडरचं: सुकलेला रंग दळून पिंपात भरायचा. तो मैद्यासारखा बारीक रंग हवेत उडायचा आणि माणसांवर बसायचा. तोंडाला फडकं बांधलं तरी कानांत, भुवयांत, नखांत, तळहाताच्या रेषारेषांत शिरायचा. पाळी सुटली की कंपनीच्या फाटकातून सायकली बाहेर पडायच्या. त्यांत लाल खात्याची माणसं लाल, निळ्याची निळी आणि आमचे बाबा पिवळे. कंपनीत अंघोळ करून यायचे, घरी आल्यावर परत करायचे, तरी रंग जात नसे, कारण तो वरचा नव्हताच. तो आत मुरलेला असायचा आणि घामाबरोबर बाहेर यायचा. रविवारी दुपारी बाबा झोपून उठले की उशीवर त्यांच्या डोक्याचा पिवळा गोल. चपलांत दोन पिवळी पावलं. बादलीच्या कडीवर पिवळं, दाराच्या कडीवर पिवळं, आणि माझ्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकाला त्यांनी घातलेल्या ब्राउनपेपरच्या कव्हरवर चार बोटं पिवळी. रंगपंचमीला ते दार लावून घरात बसायचे. पोरं खिडकीशी येऊन विचारायची, "काका, तुमचं झालं का खेळून?"

धुळीवर उतारा म्हणून कंपनी रोज गूळ द्यायची. बाबा तो खिशात ठेवायचे आणि अर्धा घरी आणायचे, आम्हा दोघी बहिणींसाठी. रुमालात बांधलेला, घामानं मऊ पडलेला, पिवळी झाक आलेला तो गुळाचा खडा ते आमच्या हातात न देता जमिनीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या." ताई तो घेऊन कुठेतरी नाहीसा करायची. मी तर त्या बाजूला बघायचेसुद्धा नाही. आणखी एक गोष्ट होती. बाबा चमच्यानं जेवायचे. वरणभातच काय, भाकरीसुद्धा दुधात कुस्करून चमच्यानं. अख्ख्या चाळीत चमच्यानं जेवणारा तो एकच माणूस. आई म्हणायची, "आमचे साहेब आले, काटा आणू का सोबतीला?" आम्ही हसायचो. बाबाही हसायचे.

तर त्या वर्षी ताईला स्थळ आलं. मुलगा छापखान्यात कामाला, दिवा स्टेशनजवळ खोली घेऊन राहणारा. गाव माळशेज घाटाच्या वर. ताईला मुलगा आवडला होता. म्हणजे ती तसं काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून पाणी भरताना गुणगुणायला लागली होती. मुलाचे वडील, आबा, गावाहून आम्हाला बघायला आले. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा, आणि पिशवीत स्वतःचा तांब्या. प्यायचं पाणी ते फक्त त्याच तांब्यातून प्यायचे आणि घरातही त्या तांब्याला दुसरं कुणी हात लावत नसे, हे मुलानंच ओशाळून सांगितलं. आईला राग आला. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पंथाचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. मग चहा आला. बाबांनी मान द्यायचा म्हणून बशी स्वतः उचलून आबांच्या पुढे केली. त्यांनी ती घेतली, आणि मी नेमकं बघितलं: बशीच्या काठावर बाबांच्या अंगठ्याचा ओला पिवळा ठसा होता. आबांनीही तो बघितला. बशी त्यांनी शांतपणे खाली ठेवली आणि बोलणं पुढे चालू केलं. चहावर साय धरली, साय सुरकुतली, चहा गार झाला. निघताना म्हणाले, "कळवतो."

काही कळवलं नाही. ताईचं गुणगुणणं थांबलं. संध्याकाळी बाबा आले की ती त्यांचे हात मांडीवर घेऊन चोळत बसायची. लिंबू-मीठ झालं, रॉकेल झालं, चुलीतली राख झाली. तळहात सोलवटले, रंग तसाच. आई म्हणाली, "लग्नात हळद असते, हळदीत खपून जाईल." बाबा म्हणाले, "लग्न ठरलं तर हळद." त्यांच्या खात्यात एक जुना माणूस होता, त्याचं म्हणणं असं की, रंग घामातून येतो तर सगळा घाम एकदाच काढून टाकायचा. कामावर यायचं नाही आणि आठवडा-दोन आठवडे अंग मोडेस्तोवर घाम काढायचा. बाबांनी साठलेली रजा टाकली आणि जाहीर केलं, "मी सायकलनं जातो. मुरबाडच्या पुढे डोंगरातनं फिरतो, वर-खाली करतो, आणि रंग गेला की तसाच घाट चढून आबांना हात दाखवून येतो."

आईनं एकच प्रश्न विचारला, "रंग गेला हे ठरवणार कोण?"

"मी."

"तुम्ही तर हा तवाही पांढराय म्हणाल. हिला घेऊन जा." हिला म्हणजे मला. माझी परीक्षा झालेली, घरात बसून मी सगळ्यांच्या जेवणात काहीतरी शोधत असायचे. आईनं नवी कोरी पांढरी बनियनं बाबांच्या पिशवीत भरली आणि मला समजावून सांगितलं: रोज संध्याकाळी बनियन धुवायचं, पाणी बघायचं, कापड बघायचं, वास घ्यायचा. "ही नाक मुरडायची थांबली की समजा रंग गेला." अशा रीतीनं माझ्या किळसेला घरात पहिल्यांदा अधिकृत मान मिळाला आणि ताईचं लग्न माझ्या नाकावर येऊन टेकलं.

माझा मुलगा हल्ली माळशेजला सायकल चालवायला जातो. म्हणजे सायकल गाडीवर बांधून टोकावड्यापर्यंत जातो, तिथून पुढे चालवतो. हेल्मेट, चष्मा, चिकटपट्टीसारखी अंगाला बसलेली चड्डी, आणि पुडीत पिळून खायचा काहीतरी गोड चिकट पदार्थ, जो बघूनच मला कसंतरी होतं. ती चड्डी संध्याकाळी माझ्या बाथरूममध्ये वाळत असते. असो. आमच्याकडे बाबांची काळी, लोखंडी, कंपनीत जायची सायकल होती आणि माझ्यासाठी चाळीतल्या शिवणाच्या बाईंची लेडीज सायकल मागून आणलेली, जिच्या सीटला त्यांच्या शिलाई मशीनच्या तेलाचा वास होता. गिअर वगैरे आम्ही ऐकलेलंसुद्धा नव्हतं. कल्याण ओलांडलं, मुरबाड रस्त्याला लागलो, आणि बाबांनी पहिला चढ आला तसं हसत मागे वळून बघितलं. त्यांच्या पाठीवर सदऱ्यातून पिवळं भरायला लागलं होतं. एखाद्या शाळकरी मुलाला बक्षीस मिळावं तसे ते खूश. "येतोय बघ," म्हणाले.

लोक प्रवासवर्णनात डोंगर, दऱ्या, पक्षी असं लिहितात. मला डोंगर आठवत नाहीत. मला आठवतो तो मोहाच्या फुलांचा वास, उंदीर मेल्यासारखा, ती फुलं काळू नदीच्या खोऱ्यात गावोगावी अंगणात वाळत पडली होती. आठवतात शाळेच्या ओसऱ्या, जिथं आम्ही झोपायचो आणि जिथं आमच्या आधी बकऱ्या झोपून गेलेल्या असायच्या. एका गावात माझ्या केसांत गोचीड सापडला. दुसऱ्या गावात एका माऊलीनं मोठ्या मायेनं नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी दिली. प्रत्येक सुकट माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. विहिरीच्या पाण्यात वळवळ दिसली म्हणून मी ओढणीतून गाळून घेतलं, आणि मग त्या ओढणीकडेच दिवसभर बघवेना. दोन दिवसांत माझ्या स्वतःच्याच अंगाला असा वास यायला लागला की, आरशात बघून नाक मुरडायची पाळी आली. आरसा नव्हता म्हणून वाचले. बाबा मात्र रमले होते. एका खोऱ्यातून चढायचं, दुसऱ्यात उतरायचं, तिकडचं गाव गाठून परत अलीकडे यायचं. वाटेत कुणी विचारलं, "कुठं निघालात?" तर म्हणायचे, "घाम काढायला." विचारणारा सायकलींकडे एकदा बघून आपल्या वाटेला लागायचा.

संध्याकाळी माझं काम. विहिरीच्या काठी, नळाच्या ओट्यावर, जिथं पाणी मिळेल तिथं मी ते बनियन दोन बोटांत धरून, मान दुसरीकडे वळवून बुडवायचे. पाणी रंगायचं. कशासारखं रंगलं हे सांगता यावं म्हणून मी माझंच एक माप ठरवलं होतं: झेंडू, मग तूरडाळ, मग लिंबू, मग साय. बाबा दात घासत दूर उभे राहायचे, बघत नाही असं दाखवत. "काय?" "झेंडू." दुसऱ्या दिवशी पण झेंडू. मग एका संध्याकाळी तूरडाळ, आणि बाबांनी मला दुकानातून गोळ्या आणून दिल्या, पुडीसकट, हात न लावता. मग लिंबू. मला वाटलं, आता उद्या साय, परवा पांढरं, आणि मग घरी जाऊन अंघोळ. पण लिंबू जे आलं ते तिथंच बसलं. दुसऱ्या दिवशी लिंबू, तिसऱ्या दिवशी लिंबू. बाबांनी चढ वाढवले, पाणी पिणं वाढवलं, भर उन्हात निघायला लागले. लिंबूच.

घाटाच्या पायथ्याच्या एका गावात मी असंच बनियन धूत होते आणि पाणवठ्यावरच्या बायकांनी ते बघितलं. "अगं बया, घाम बी पिवळा," एक म्हणाली. दुसरीनं बाबांचे हात बघितले, तिसरीनं डोळे. डोळ्यांत काही नव्हतं, पण तोवर निदान झालेलं होतं: कावीळ. त्या गावात काविळीवर हात धुऊन देणारी एक म्हातारी होती. माणसाचे हात चुन्याच्या पाण्यात धुवायचे, पाणी पिवळसर झालं की कावीळ उतरली. बाबांनी दहा वेळा सांगितलं, "बाय, हा रंग आहे कंपनीचा." कुणी ऐकेना. त्यांना एका अंगणात बसवलं. मला वाटतं, त्यांनी फार विरोध केला नाही. रंग कुणी का काढेना, त्यांना निघाल्याशी मतलब.

म्हातारीनं परातीत हात धरून पाणी ओतलं. पाणी पिवळं झालं नाही, नारिंगी झालं. भोवती जमलेल्यांतून एक आवाज निघाला. तिनं परात ओतली, दुसऱ्यांदा धुतलं. नारिंगी. तिसऱ्यांदा तिनं जोर लावून चोळलं, आणि मग एकदम आपलेच हात वर करून बघितले. तिचे तळहात बाबांसारखे पिवळे झाले होते. म्हातारी उठलीच. "ही कावीळ न्हाई, हे काय तरी दुसरंच हाय," म्हणत राखेकडे पळाली आणि हात घासायला बसली. बायकांनी पोरांना मागे ओढलं. कुणी शिवीगाळ केली नाही, कुणी हाकललं नाही. फक्त आमच्याभोवती एक मोकळा गोल झाला, आणि त्या गोलात मी, बाबा आणि ती परात. नाक्यावर थांबलेल्या एसटीचा ड्रायव्हर बोनेटवर चढून हे सगळं बघत होता. त्याची गाडी घाट चढून आबांच्याच गावावरून जायची. आम्ही सायकलींना टांग मारायच्या आत ती निघाली.

घाट आम्ही बहुतेक चालतच चढलो, सायकली ढकलत. ट्रकवाले काचेतून बघायचे, माकडं कठड्यावरून बघायची. बाबा पुढे होते. त्यांच्या कोपरावरून थेंब पडायचे आणि डांबरावर दिसेनासे व्हायचे. वर पोचल्यावर एका टाकीपाशी त्यांनी अंगातलं बनियन काढून मला दिलं. रजा संपत आली होती. मी बुडवलं, पिळलं, उन्हाकडे धरून बघितलं.

"काय?"

"लिंबू."

"पिकलेलं की कच्चं?"

"बाबा, लिंबूच."

"एकदा पांढरं म्हण ना."

मी म्हणू शकले असते. ताईचा चेहराही डोळ्यांपुढे आला. पण आईनं मला नेमलं होतं ते माझ्या नाकासाठी, आणि नाकाला तेवढंच कळतं. मी मान हलवली. बाबांनी ते ओलं बनियन माझ्या हातातून घेतलं, तसंच अंगात घातलं आणि म्हणाले, "चल मग. आहे तसा दाखवतो."

आबांच्या घराची ओसरी इतकी स्वच्छ सारवलेली होती की मला चपला काढूनही पाय टेकवायची लाज वाटली. आबा खांबाला टेकून बसले होते, शेजारी तो तांब्या, घासून आरशासारखा. ते उठले नाहीत. "या," म्हणाले. "ड्रायव्हर सांगून गेला मघाशीच. एक काविळीचा माणूस सायकलीवरनं घाटाखाली आलाय, संगं पोरगी हाय. मी म्हनलं, हे आपलेच."

"कावीळ नाही आबा," बाबा म्हणाले. ते ओसरीच्या अगदी कडेला बसले होते, हात मांडीखाली दाबून. "कंपनीचा रंग आहे. रोग असता तर मी मुलगी दाखवलीच नसती."

"रोग न्हाई ते मला तवाच कळलं. पोरानं सांगितलं, तिथं सगळ्यांचं असंच असतं म्हनून."

"मग?"

आबांनी तांब्या थोडा आपल्याकडे सरकवला. "मला किळस येती," ते म्हणाले.

आतून त्यांची बायको, आक्का, बाहेर आल्या. "अवो, काय बोलताय घरी आलेल्या माणसाला."

"खरं त्येच बोलतोय. पोरगी चांगली हाय, माझं तिच्याबद्दल काय म्हननं न्हाई. पर सोयरीक म्हंजी येनं-जानं, मांडीला मांडी लावून जेवनं. उद्या हे माझ्या ताटाशेजारी बसनार आन् माझा घास उतरायचा न्हाई. आत्ता हो म्हनायचं आन् मग सनावाराला ह्यांना टाळायचं, त्यापरीस आधीच सांगितलेलं बरं."

मला वाटलं, बाबा आता रागावतील किंवा हात जोडतील. दोन्हीची मला धास्ती होती. त्यांनी मांडीखालून हात काढले, समोर धरले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे बघितले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मला पण येते."

"काय?"

"किळस. ह्या हातांची." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चमचा काढून ओसरीवर ठेवला. प्रवासभर तो तिथंच होता. "आमच्याकडे सगळे म्हणतात साहेब झालाय, चमच्यानं जेवतो. हातानं भात कालवला की वरण घालायच्या आधीच पिवळा होतो, आबा. तो मला जात नाही खाली. ही लहान होती तेव्हा एकदा घास भरवायला घेतला. पिवळा झाला. तसाच ठेवून दिला, परत नाही भरवला कधी. तुम्ही बशी खाली ठेवलीत त्या दिवशी, त्याचा मला राग नाही आला. मी पण ठेवली असती."

किळस हे घरातलं माझं एकटीचं खातं आहे असा माझा समज होता. त्या खात्यात माझ्या कितीतरी आधीपासून कुणीतरी नोकरीला होतं, हे मला त्या ओसरीवर कळलं. बाबांचा रंग पुढे गेला. निवृत्त झाले आणि वर्षभरात हात असे पांढरेफटक झाले की ओळखू येईनात. तरी ते शेवटपर्यंत चमच्यानंच जेवले.

आबांनी तो चमचा निरखून बघितला. मग म्हणाले, "कंदी जातो म्हनं ह्यो रंग?"

"नोकरी सुटल्यावर जातो म्हणतात. लाल खात्यातल्यांचा लवकर जातो. आमचा चिवट."

आबांच्या मिशा हलल्या. हसले की काय ते कळलं नाही. "साखर आन गं," ते आक्कांना म्हणाले.

आमच्यात व्याह्यांनी एकमेकांना साखर भरवली की सोयरीक पक्की. आक्कांनी वाटी आणली. आबांनी चिमूट घेतली, बाबांच्या तोंडात घातली. आता बाबांची पाळी. त्यांनी वाटी घेतली, आणि हात आपोआप चमच्याकडे गेला.

"ठिवा तो," आबा म्हणाले. "चमच्यानं सोयरीक होत न्हाई."

बाबांनी बोटं पँटला पुसली. परत पुसली. चिमूट घेतली. घाट चढून आलेला माणूस, बोटं ओली. पांढरी साखर माझ्या डोळ्यांदेखत रंगली. लिंबू नव्हे, सरळ तूरडाळ. आबांनी ती बघितली. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले, खांबाला धरलं आणि तोंड उघडलं. एरंडेलाला पोरं उघडतात तसं. बाबांनी साखर आत ठेवली आणि हात झटकन मागे घेतला. आबांनी तोंड मिटलं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि तिथंच राहिली. "झालं," ते कसंबसं तोंड न उघडता म्हणाले, आणि गुरांना पाणी दाखवायचंय असं काहीसं पुटपुटत तांब्या घेऊन उठले.

बाबांच्या बोटांना थोडी साखर उरली होती. ते माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला पळता येईना. "तू पण घे," म्हणाले आणि भरवली. मला आठवतंय त्याप्रमाणे आयुष्यातला त्यांच्या हातचा पहिला घास. तो गोड नव्हता. आधी खारट, मग कडू, मग आमच्या नाल्याला कधीकधी यायची ती घशाला धरणारी चव. मी हसले, मान डोलावली, ओठ मिटून ठेवले आणि आक्का बाबांशी लग्नाच्या तिथीचं बोलायला लागल्या तशी हळूच उठून गोठ्यामागे गेले.

तिथं आबा उभे होते. वाकून, भिंतीला हात टेकून, खळाखळा चूळ भरत. माझी चाहूल लागली तशी त्यांनी वळून बघितलं. मिशांतून पाणी गळत होतं. त्यांनी माझे मिटलेले ओठ बघितले, आणि मला का यावं लागलं ते त्यांना सांगावं लागलं नाही. मग ज्या तांब्याला त्यांच्या बायकोनं कधी हात लावला नव्हता तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "घे," म्हणाले, "आन् लई आवाज करू नगंस." मी चूळ भरली. तांब्या परत दिला. त्यांनी तो माझ्यासमोर विसळला नाही, एवढं मी बघितलं. नंतर विसळला असेल.

परतीला आम्ही घाट उतरलो तेव्हा पॅडल मारायचीही गरज नव्हती. बाबा पुढे, दोन्ही ब्रेकवर बोटं ठेवून, शीळ घालत. मी त्यांना शीळ घालताना पहिल्यांदा ऐकत होते. एका वळणावर त्यांनी सायकल कडेला घेतली, मला बरोबरीला येऊ दिलं.

"टाकलीत ना दोघांनी?" ते म्हणाले.

"काय?"

"साखर."

मी ब्रेक दाबले, सोडले, रस्त्याकडे बघितलं. बाबांनी वाट बघितली नाही. "मी पण टाकली असती," ते म्हणाले, आणि ब्रेक सोडून पुढे निघून गेले, मोठ्यानं शीळ घालत, पाठीवर वाऱ्यानं फुगलेला तो पिवळा सदरा घेऊन.